पट्टी सोलताना

केमीत जानेवारी. तीनलाच अंधार.
ताइस्तो तळव्यावर पुट्टीच्या वाती वळतो,
वीतभर रणगाड्यावर नागमोडी चिकटवतो.
आधी फिकट, मग गडद. उलटं कधीच नाही.
पट्टीची कड नखानं दाबायची,
नाहीतर हिरवा खालून पाझरतो.
फवारा दुरून, श्वास रोखून.
मग नुसतं थांबणं.
आयलीनं ठेवलेली कॉफी निवते.

"आता हा दिसायचा नाही कुणाला."
"काचेच्या कपाटात?" ती विचारते.

चिमट्यानं हळूहळू सोलतो.
एका जागी पुट्टीबरोबर रंगही निघून येतो,
नखाएवढं उघडं, राखाडी प्लॅस्टिक.
ब्रश उचलतो. परत ठेवतो.

सीमेवरून परतलेल्या वडिलांच्या मानेवर
एवढंच काहीतरी होतं.
मफलर कधी काढला नाही त्यांनी,
जुलैतसुद्धा.