साडेसत्तावीस

मार्चमध्ये ईरी सरोवराच्या काठावर बर्फ अजून कुरकुरत असतो,
आणि माझ्या टेबलाशी बर्नाडीन पावलाक येऊन बसते.
ओला कोट अंगावरच. म्हणजे फार थांबायचं नाही.
शाळेच्या मुदपाकखान्यात एकतीस वर्षं सूप ढवळलेली बाई.
पावत्या तिनं पाककृतींच्या डब्यात लावल्यात:
बॉयलर ‘सूप’मध्ये,
बर्फ उपसणारा ‘गोड पदार्थां’त,
घराचा विमा ‘सणासुदी’ला.
मी काही विचारत नाही. सापडतं सगळं.

वरच्या मजल्यावर तीर्थ दुलाल, बायको, दोन मुली,
आणि भूतानमधून निघून नेपाळच्या छावणीत अठरा वर्षं थांबलेली आई.
भाडं साडेआठशे, तुकड्यातुकड्यानं,
दर शुक्रवारी, कारखान्यातली रात्रपाळी सुटली की.
“उशिराचा दंड करारात लिहिलाय,” मी म्हणतो.
“लिहिलाय ना? मग झालं.”

“त्यानं मागच्या पायऱ्या बांधून दिल्या,
मी भाड्यातले दोनशे सोडले. ते कुठे लिहायचे?”
उत्पन्नात. आणि तेच दोनशे पुन्हा खर्चात.
ती बोटांवर करून बघते.
“म्हणजे शून्य.”
शून्य.
“पण पायऱ्या आहेत,” ती म्हणते.

“आणि जिना मी रंगवला, त्याचे?”
रंगाचे चौसष्ट डॉलर वजा होतात.
हातांचे नाही.
ती हात कोटाच्या खिशात घालते.

डिपॉझिट उत्पन्न नव्हे, जोवर ते परत द्यायचं आहे.
हे तिला लगेच पटतं.
शेजाऱ्याचं भांडं आपलं नसतं,
आणि रिकामं परत करायचं नसतं.

ऑक्टोबरात बँकेचा शेवटचा हप्ता, एकरकमी, मोठा.
नवं कर्ज साडेसात टक्क्यांनी.
दीर जेरोम म्हणतो, थोडं जास्तच काढ,
शेजारचं घरही घेऊन टाक.
“जेरोमला गटारं साफ करायची नसतात,” ती म्हणते,
आणि तो विषय ‘लोणची’मध्ये ठेवून देते.

मग घसारा.
हा रकाना तिनं दरवर्षी कोरा पाठवलाय.
“घर झिजतंय असं मी माझ्या हातानं का लिहून देऊ?”
कागदावर घराचं आयुष्य साडेसत्तावीस वर्षं, मी सांगतो.
साडेसातीवर आणखी वीस.
झिजतो तोही फक्त वरचा मजला, भाड्याचा.
तू राहतेस तो नाही. खालची जमीन तर कधीच नाही.
“छप्पर एकच आहे.”
अर्धं झिजतं.

आणि न घेतलेला घसारासुद्धा, घर विकशील त्या दिवशी,
घेतलाच होता असं धरून कर लावतात.
न जेवलेल्या पंगतीची वर्गणी.
हे सांगताना मी उगाच पेन्सिलीला टोक करतो.
दुरुस्त करता येतं, फॉर्म आहे एक, घाईनं म्हणतो.

“कॅस कधी गेला?”
“सतरा साली. नोव्हेंबरात.”
मग त्या दिवशीची घराची किंमत काढावी लागेल.
घर दोघांच्या नावावर होतं.
त्याचा अर्धा भाग तिथून नव्यानं सुरू होतो,
बाजारभावानं, एक दिवसही न झिजलेला.
तुझा अर्धा जुनाच.

हीटर टकटक करतो.
“कोणता अर्धा?”

मी वही फिरवून तिच्याकडे करतो,
आणि मग काय दाखवायचं ते मला सुचत नाही.
तसा वेगळा नसतो तो, बर्नाडीन.
विटांमध्ये मिसळलेला असतो.
“हं,” ती म्हणते.
आणि थोड्या वेळानं, “जिन्यातसुद्धा?”
जिन्यातसुद्धा.

किंमत काढणारा माणूस गुरुवारी मोकळा आहे,
दोन्ही मजले बघेल.
वर जायचं तर चोवीस तास आधी कळवायला हवं.
ती डबा बंद करते, पुन्हा उघडते,
एका कोऱ्या कार्डावर काहीतरी लिहून मागच्या बाजूला खोचते.
“गुरुवारी नको,” ती म्हणते.
“तीर्थ दिवसा झोपतो.”