मालकाचं नाव

रात्री साडेनऊला फोन. तिकडे सकाळ,
बर्फ ढकलणाऱ्या गाडीची घरघर.
"फणसे काका, मी अरुंधती. लॅबमधली.
टोकन चारशे बारा."
टाइमऑफिसच्या माणसाला आधी आकडे आठवतात
हे तिला ठाऊक होतं, म्हणून सांगितलं असेल.

नागरिकत्वाचा अर्ज भरतेय म्हणाली.
दहा वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या, महिन्यांनिशी,
मधला एकही महिना उघडा दिसता कामा नये.
आणि एका चौकटीत मालकाचं नाव.
"लागले तेव्हा तेजल डाय-केम,
सोडलं तेव्हा व्हेल्टिस इंडिया.
पण मी नोकरी बदललीच नव्हती ना, काका?"

आतून हिनं विचारलं, काय हवंय तिला?
म्हटलं, मालकाचं नाव.
"मग उखाण्यात घे म्हणावं,"
आणि तुरीचे दाणे सोलत हसत बसली.

तेजल म्हणजे शेठची मुलगी.
ती पाच वर्षांची असताना मकरपुऱ्यात पहिली भट्टी पेटली,
आणि आम्ही तिच्या नावानं पगार घेत राहिलो,
आधी पाकिटातून, मग बँकेतून.
तिचं लग्न आणंदला झालं.
कंपनीचं बऱ्याच नंतर, परक्या मुलखात.

नोटीस मीच चिकटवली.
वर इंग्रजी, मध्ये गुजराती,
खाली माझ्या पेनानं मराठी,
कारण दांडिया बाजारातून येणारी आमची सात-आठ डोकी
उगाच रुसायची.
'विलीनीकरण' लिहिताना वेलांटी चुकली. कुणी काढली नाही.
लोक वाचून कँटीनला गेले.
सेवउसळ तीच, तर्री तीच,
चारशे बाराचा स्टूलही तोच, एक पाय आखूड.
फाटकावरची अक्षरं उतरवताना फक्त
'ते' सुटेना.
मुस्तुफा वेल्डरनं दुपारपर्यंत ठोकलं,
शेवटी वरून रंग मारला.
चारच्या तिरप्या उन्हात अजून वाचता येतं.

"तारीख कुठली घालू?"
इथे मीही अडलो.
कोर्टाचा हुकूम सप्टेंबरचा,
पण लागू मागच्या एप्रिलपासून.
म्हणजे पाच महिने आपण सगळे अशा कंपनीत येत होतो
जी कागदावर आधीच उरली नव्हती.
त्या पाच महिन्यांच्या हजेरीवर माझी सही आहे.
जूनमध्ये तू दोन दिवस उशिरा आली होतीस.
तिला आठवेना. मला आठवतंय.

कपाटात तेजलची कोरी लेटरहेडं आहेत, शंभरेक,
मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब चालतो.
गोल शिक्काही आहे. पॅड सुकलंय,
दोन थेंब पाणी घातलं तर उठेल.
दाखला तिनं मागितला नव्हता.
मलाच सुचलं, आणि मीच ड्रॉवर लावून टाकला.
निवृत्त माणसानं
गेलेल्या कंपनीच्या वतीनं काय सांगायचं?

म्हटलं, एकच ओळ लिही.
आजचं नाव, पुढे 'पूर्वीचं तेजल'.
"मावत नाही, काका. सव्वीसच अक्षरं."
मग वेगळा कागद जोड.
कुठल्याही सरकारच्या फॉर्मला एक वेगळा कागद असतोच,
खरं काय ते तिथे लिहायचं.

हं, म्हणाली. कळफलक वाजत राहिला.
मग ती पुढचा प्रश्न मोठ्यानं वाचू लागली,
यापूर्वी आपण वापरलेली इतर नावं,
आणि मध्येच थांबली.
"इथे मात्र चार ओळी दिल्यात."
माझ्या पटावर ती टिपणीस होती.
नंतर कोण झाली, मी कधी विचारलं नव्हतं.
आताही विचारलं नाही.
म्हटलं, स्पेलिंग नीट बघ,
पासपोर्टात असेल तसंच.