पाणी आणणारा

तुआन क्रूखना पाणी लागायचं
दिवसाला तीन मडकी.
गढूळ नको, गाळाचं नको,
ओढ्याच्या वरच्या अंगाचं, जिथे म्हशी उतरत नाहीत.
मी नऊ वर्षांचा. नाव सादिम.
ते मला 'ए पाणी' म्हणायचे.
त्यांच्या बोलीत ते नाव होतं की हाक,
मला अजून कळलेलं नाही.

सकाळी छत्री रोवायची, तिपाई मांडायची,
कागदाचे चार कोपरे चार दगडांनी दाबायचे.
मग तुआन एक डोळा मिटत
आणि दुसऱ्याने आमचा मुलूख निवडत बसत,
आई सुपात तांदूळ निवडते तसा.

चिकुराय डोंगर त्यांनी उचलला
आणि हातभर डावीकडे आणून ठेवला.
इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.
माझ्या आज्याला एक बांध सरकवल्याबद्दल
बारा फटके पडले होते.

मग पुढ्यात एक माड उभा केला,
जिथला माड गेल्या साली रस्त्यासाठी पडला, नेमका तिथे.
मी म्हटलं, तुआन, तो आता नाही.
ते हसले. म्हणाले,
हॉलंडात माझ्या बहिणीला हवा आहे.

रस्ता मात्र त्यांनी काढला,
म्हणजे काढून टाकला.
रस्त्यावरची कॉफीची पोती, पोत्यांखालची माणसं,
निळीचा कारखाना, त्याचे तीन हौद,
हौदांत कंबरेइतक्या उभ्या बायका,
आणि तो कुजका वास, ज्यापायी कोंबड्यासुद्धा
त्या अंगाला फिरकत नसत,
या सगळ्यावरून ओला कुंचला एकदाच फिरला
आणि धुकं आलं.
भर दुपारी. ऐन कोरड्या दिवसांत.

मला म्हणाले, अंगरखा काढ.
मामाने गारुतच्या बाजारातून आणलेला, एकुलता एक,
मुद्दाम चित्रासाठी घातला होता.
उघडा उभा राहा, म्हणाले,
तिकडे तोंड कर. हलू नकोस.
एक म्हैसही मागवली. तिलाही सांगितलं, हलू नकोस.
तिने ऐकलं नाही.
चित्रात तिला बहुधा पाच पाय आहेत.

डोंगरासाठी त्यांनी निळा घोळला.
तो मी ओळखला.
आईच्या हातांना कोपरापर्यंत तोच होता,
भात कालवताना भाताला लागायचा,
राखेने घासला तरी नखांत उरायचा.
आमचीच वडी जहाजातून गेली,
डबीत बसून जहाजातून परत आली,
आणि आता लांबचा डोंगर झाली होती.
उरलेलं पाणी त्यांनी पाटात ओतलं.
थोडा वेळ पाट डोंगराच्या रंगाचा वाहिला,
खाचरांकडे.

मला दोन दोइत मिळाले.
कागद वाळताना मी वाकून पाहिलं:
भाताच्या दाण्याएवढा मी,
पाठमोरा, स्वस्थ,
जन्मात कधी काही काम नसल्यासारखा
धुक्याकडे बघत.

नातू सांगतो, कॉन्ट्रोलरच्या ओसरीत
तसलंच एक चित्र टांगलंय,
खाली लिहिलंय 'शांत सकाळ'.
असेल.
सकाळ नव्हती ती.
आणि मी धुक्याकडे बघत नव्हतो.
तिसऱ्या हौदात आई होती.
तिने मान वर करून मला पाहिलं,
निळा हात उचलला.
मी हललो नाही.