बाजूची सीट

मंगळवारी कोर्ट वरच्या मजल्यावर भरतं,
खाली लायब्ररी. जिन्यात ओल्या बुटांचा वास.
माझ्याआधी दोघे: एक वेगाचा,
एक कुत्र्याच्या लायसन्सचा.

"व्हर्लिन टोलेफसन."
जज्जबाई नाव नीट उच्चारतात.
लहानपणी त्यांची स्कूलबस
माझ्या बर्फाच्या नांगरामागून यायची.
एकतीस हिवाळे मी या काउंटीचे रस्ते
उकरून काढले,
ते कागदावर कुठेच नाही.
कागदावर आहे पॉइंट सतरा,
रात्रीचे अकरा वीस,
आणि आर्डिस क्वामची पत्रपेटी, आडवी.

गुन्हा कबूल?
कबूल.
शब्द असा निघाला
जणू त्या नळीत अजून फुंकतोच आहे.

दंड. सहा महिने परवाना नाही.
मग गाडीत यंत्र: आधी त्याला श्वास द्यायचा,
त्याला पटलं तर इंजिन.
ऑफिसात नांगराच्या किल्ल्या ठेवल्या टेबलावर,
तरी जिना उतरेपर्यंत
खिसा चाचपत राहिलो.

बाहेर आर्डिस, हीटर चालू ठेवून.
"बस. माझ्याच वाटेवर आहे तुझं घर."
मागच्या सीटवर नवी पत्रपेटी, पुठ्ठ्यातली.
"खड्डा तू खणायचास. जमीन मऊ झाली की."

रस्ता कोणीतरी साफ केलाय.
नवशिका हात; प्रत्येक फाटकापाशी
ढीग तसाच सोडलेला.
मी काही बोलत नाही.

ओढ्याजवळच्या वळणावर माझा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबतो,
पार तळापर्यंत.

आर्डिस बघते.
वेग कमी करते.