असू शकतात

परळला इस्पितळामागे, लॅमिनेशनच्या दुकानावर
माझी खोली.
औषध-चाचण्यांची संमतिपत्रं मी मराठीत आणते,
शब्दाला अडीच रुपये.
हा आजार मेंदूचा, नाव दोन मेलेल्या जर्मन डॉक्टरांचं,
आणि देशभरात रुग्ण मोजून एकोणीस.

त्यातला एक ओजस आरेकर, वय अकरा.
भाऊच्या धक्क्यावर होडीतून उतरल्यावर
पाय काही वेळ जसे पडतात
तसा तो चालतो,
दिवसभर, कोरड्या जमिनीवर.

पान चौदावर मी लिहिलं होतं:
तुमच्या डॉक्टरांना याच कंपनीकडून पैसे मिळतात.
परत आलं ते असं:
संशोधकांचे प्रायोजकाशी व्यावसायिक हितसंबंध असू शकतात.
बाजूला शेरा, सोपं नको, अचूक हवं.

दोन्हीकडे सहाच शब्द.
बिलात फरक पडला नाही.

त्या रात्री 'हित' या शब्दाला
मी उलटंपालटं करून पाहिलं.
फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात ते हितचिंतक,
दार लावून होतं ते हितगुज,
आणि शत्रूच्याही आधी तो लागतोच.
पहिल्यापासून दोन खिशांचा शब्द.

सबनीस बाई वाईट नाहीत, हेही लिहायला हवं.
रात्री अकराला ओजसचे रिपोर्ट त्याच बघतात.
एकोणीस माणसांसाठी औषध शोधायला
दुसरं कोण बसलंय?
प्रयोगशाळेतला फ्रीज कंपनीचा,
फ्रीजमधलं रक्त ओजसचं,
मधल्या बाई कुणाच्या ते
त्यांनाही रोज नव्याने ठरवावं लागत असेल.

पण पवईच्या हॉटेलातल्या परिषदेत
देणगीदारांची ती स्लाइड मी पाहिली आहे.
नऊ डॉक्टरांची नावं, तीन सेकंद.
एकजण खोकला, तेवढ्यात गेली.
हेच औषध आधी द्यावं असं ज्या पाच जणांनी ठरवलं
ते पाचही त्या नऊत होते.

सहीच्या दिवशी मला बोलावलं,
अवघड शब्द समजावायला.
रजिस्टरात माझी नोंद: तटस्थ व्यक्ती.
आरेकर वडाळा डेपोत ब्रेकचं काम करतात.
ओळीखाली बोट ठेवून त्यांनी सगळं वाचलं,
चौदाव्या पानावर बोट थांबलं.
"ताई, असू शकतात म्हणजे? आहेत का?
ब्रेक लागू शकतात असं लिहून
आम्ही गाडी नाही सोडत."

आहेत, म्हटलं.
मग माझंही सांगून टाकलं, अडीच रुपये, कंपनी तीच.

त्यांनी मनात गुणाकार केला.
"म्हणजे ही ओळ सांगायचे पंधरा?"

नाही, म्हटलं. न सांगायचे.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
दाराशी ओजस भिंत धरून उभा होता,
त्याच्याकडे एकदा बघितलं
आणि टेबलावरचं पेन घेऊन सही केली.
पेनावर नाव कंपनीचं.
शाई नीट उतरत नव्हती,
दोनदा गिरवावं लागलं.