गुरुवारपर्यंत

जिनिंगवरच्या गफूरचाचांनी सांगून ठेवलंय,
गुरुवारपर्यंत सांभाळतो, मग देईन कुणालाही.
तांबूस पिल्लू, एक कान मुडपलेला,
सरकीच्या ढिगात झोपतं.

शिवकन्या म्हणते, मी घालीन खायला.
मुंजा म्हणतो, मी शिकवीन बस म्हटलं की बसायला.
दोघांनी वहीच्या शेवटच्या पानावर
वार वाटून घेतलेत. रविवार रिकामा.
रविवार म्हणजे मी.

परभणीत आमच्या गल्लीला नळ येतो अकराव्या दिवशी.
पिंपात काठी बुडवून बघते मी
ओल कुठवर आहे.
त्यात अजून एक वाटी कुठं बसवायची?
आणि धाकटी रांगते अजून,
दिसेल त्याच्या तोंडात बोट घालते.

मी सात वर्षांची होते, पाथरीला, मामाच्या दारात.
बेंबीभोवती चौदा सुया.
आई दर सुईला एक बत्तासा द्यायची.
बत्तासा अजून खात नाही मी.
लेकरांना हे सांगितलेलं नाही,
भीती वाटणीत जायला नको.

नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं.
हे वाक्य त्याला फुकट पडतं.

बुधवारी रात्री उठून
जिन्याखालची जागा मोजली.
चार विती, वर चार बोटं.
परत येऊन झोपले.

गुरुवारी चाचा म्हणाले, ताई, गेलं की ते.
सकाळीच. वसमत रोडच्या कुणीतरी नेलं.
बरं झालं, म्हणाले मी.
स्कुटी चालू केली. बंद केली.

चाचा, त्यांच्या घरी
लेकरं आहेत का?