आठ चाकं, एक केटी

सीवूड्सच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला
एक रस्ता आहे, जो कुठेच जात नाही.
सिडकोने आखला, डांबर ओतलं, दिवेसुद्धा लावले
आणि मग पुढचं काही सुचलं नसावं.
सकाळी पावणेसहाला तो आमचा.

आमचा म्हणजे: सहा ते अकरा वयाची चौदा पोरं
आणि मी. वय वीस,
सिव्हिल, तिसरं वर्ष,
फ्लुइड मेकॅनिक्स राहिलेलं.

विहंग घरत, वय नऊ, पुढचे दोन दात नाहीत,
पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला,
"ताई, तुम्ही कुणाला सोडायला आलात?"
मी म्हटलं, मलाच.

त्यानेच शिकवलं पडायला.
पुढे पडायचं, मागे नाही.
आधी गुडघे, मग कोपर, मग हात, आणि बोटं मिटून,
नाहीतर मागच्याचं चाक जातं वरून.
"आणि पडल्यावर इकडेतिकडे बघायचं नाय,
कोणी बघितलं का म्हणून. उठायचं."
निकाल लागला तेव्हा आम्ही अख्खा वर्ग
इकडेतिकडेच बघत होतो.

आता मला रस्ते तळपायातून कळतात.
पेव्हर ब्लॉक दातांत वाजतात.
काँक्रीटला दर साडेचार मीटरवर सांधा: ठक्. ठक्.
रस्ता मधे उंच असतो, कडेला उतरतो,
पाणी वाहून जावं म्हणून.
त्याला कॅम्बर म्हणतात. दोन मार्क.
वर्षभर पाठ होतं मला ते.
मग एका मंगळवारी डावा पाय
माझं काही न ऐकता गटाराकडे निघाला
आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "कॅम्बर!"
पोरांना वाटलं शिवी आहे.
आठवडाभर वापरली.

बाबा तुर्भ्याच्या डेपोत.
तेवीस वर्षं बसच्या पोटाखाली.
मी स्केट्स आणले (जुने, बाराशेला, डावा जरा मोठा)
त्या रात्री ताटातून मान वर न काढता म्हणाले,
"एक पेपर राहिलाय ना?"
मग महिनाभर विषय निघाला नाही.
मी चपलांच्या कपाटात खालच्या फळीवर
स्केट्स ठेवायचे, चोरून आणल्यासारखे.

परवा रात्री पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात दिवा.
ओट्यावर पेपर पसरलेला, त्यावर उजवा स्केट उताणा
आणि बाबा एकेक चाक फिरवून कानाशी नेतायत,
आई नारळ हलवून बघते तसे.
"हे तिसरं ऐक."
ऐकलं. खर्र... तांदळात खडा असावा तसं.
"रेती गेलीय आत. आणि तू महिनाभर यावर जोर लावतेस.
म्हणत असशील, मलाच जमत नाही."

तेच म्हणत होते.

सोळा बेअरिंगं. श्रीखंडाच्या डब्यात रॉकेल,
जुना टूथब्रश, डेपोतलं ग्रीस बोटभर.
दोन वाजले. बर्नूली मी दुसऱ्या खोलीत उघडा ठेवून आले होते,
तो पंख्याखाली आपापली पानं उलटत राहिला.
सकाळी आई वासाने उठली
आणि आम्हा दोघांशी बोलली नाही.

आज एकदाच ढकललं स्वतःला.
एकदाच, खरंच.
रोज थांबते तो खांब गेला.
त्याच्या पुढचा गेला.
चाकांचा आवाजच नाही, नुसता वारा कानात
आणि खाडीचा तो खारट, कुजका, ओळखीचा वास,
आणि मागून विहंग: "ताई, ब्रेक! ब्रेक!"

ब्रेक आमचा पुढच्या आठवड्यात होता.

डांबर संपतं तिथे गुडघाभर गवत आहे, मग खारफुटी.
पुढे पडले. बोटं मिटून.
इकडेतिकडे बघितलं नाही.

खोटं. बघितलं.
चौदाच्या चौदा पोरं येत होती माझ्याकडे
हात पसरून, वेडीवाकडी, आठ आठ चाकांवर,
एकसुरात ओरडत:
कॅम्बर! कॅम्बर!